तांदळाच्या पिशव्यांसाठी घरच्या शिलाई मशीनवर सरळ व एकसारखी टीप

मुळशी तालुक्यातील बहुतेक शेतकरी खरिपात भात घेतात. वडगाव मावळ येथील कृषी संशोधन केंद्राने १९८७ मध्ये प्रसारित केलेला इंद्रायणी हा वाण आता येथील घराघरांत पोहोचला आहे, आणि आंबेमोहराची चव तर पुणेकरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पुणे शहर जवळ असल्यामुळे अनेक शेतकरी भात व्यापाऱ्याला न देता गिरणीतून तांदूळ करून घेतात आणि तो थेट गिऱ्हाइकाला विकतात. पिरंगुट-पौड-ताम्हिणी रस्त्याने जाणारे पर्यटक, शहरातील सोसायट्या, नातेवाइकांमार्फत येणाऱ्या मागण्या, असा हा बाजार आहे. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आल्यानंतर पाच किलोच्या कापडी पिशवीला चांगली मागणी आली आहे. पिशवी दिसते छान, आणि तांदूळ संपल्यावर घरात वापरताही येते.

परंतु या पिशवीचा सारा भरवसा तिच्या दोन शिवणींवर असतो. शिवण वाकडी गेली, एखाद्या ठिकाणी कडेच्या फार जवळ आली किंवा टाके सैल पडले, तर पिशवी उचलताना तेथेच उसवते. गिऱ्हाइकाच्या जिन्यात तांदूळ सांडला की तो पुन्हा मागणी देत नाही. लावणीपासून भरडणीपर्यंत सहा महिने केलेले कष्ट अशा वेळी हातभर दोऱ्यामुळे वाया जातात.

ब्लाऊज किंवा सदरा शिवण्यासाठी कटाईचे कौशल्य लागते. पिशवीला ते लागत नाही. तिला हव्यात फक्त सरळ व एकसारख्या टिपा. घरातील साधे पायमशीन त्यासाठी पुरेसे आहे, आणि घरातील कोणीही, स्त्री असो वा पुरुष, आठवडाभराच्या सरावाने हे काम शिकू शकते.

सरळपणा आणि सारखेपणा यांतील फरक

या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. टीप कडेपासून कायम एकाच अंतरावर राहिली तर ती सरळ. तिचा प्रत्येक टाका एकाच लांबीचा आणि एकाच ताणाचा असेल तर ती एकसारखी. सरळपणा शिवणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असतो. सारखेपणा मात्र मशीन स्वतः देते. त्यात आपल्या हाताने ढवळाढवळ करू नये एवढेच पाहायचे असते. नवशिक्यांच्या बहुतेक चुका या दोन कामांची अदलाबदल केल्याने होतात. नजर सुईकडे लागते आणि हात कापड ओढत राहतो.

मशीन टाका कसा घालते?

घरच्या मशीनची टीप दोन दोऱ्यांची असते. वरचा दोरा सुईतून आणि खालचा बॉबिनमधून येतो, व कापडाच्या जाडीत दोन्ही एकमेकांत अडकतात. टोकाजवळ भोक असलेली सुई व खाली धावणारा धोटा यांची जोड बसवून एलिअस होवे यांनी अमेरिकेत १८४६ मध्ये अशा टाक्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. १८५१ मध्ये आयझॅक सिंगर यांनी आपल्या सुधारित यंत्राचे पेटंट घेतले. आज आपल्या घरातील काळे मशीन मूळ तत्त्व तेच वापरते.

सुईखालच्या पट्टीत लहान दाते असतात. सुई वर आली की हे दाते वर येतात, कापड ठरावीक अंतर मागे सरकवतात आणि खाली जातात. वरून दाबाचा पाय कापडाला दात्यांवर दाबून धरतो. दाते किती सरकवणार हे टाक्याच्या लांबीच्या खटक्यावर ठरते. म्हणून पाय जोरात मारला किंवा हळू मारला, तरी टाक्याची लांबी तीच राहते. ती बिघडते तीन कारणांनी. हाताने कापड मागून ओढल्यास टाका लांब होतो. पुढून धरून ठेवल्यास तो आखूड होतो. दात्यांत धाग्यांचा कचरा साचला किंवा पायाचा दाब कमी पडला, तर कापड घसरते आणि टाके लहान-मोठे पडतात.

कापड ओढण्याने आणखी एक नुकसान होते. सुई वाकते, पट्टीवर आपटते आणि तुटते. म्हणून हात कापडावर फक्त हलके टेकवून दिशा द्यावी. पुढे नेण्याचे काम दात्यांवर सोपवावे.

मार्गरेषा: लावणीच्या दोरीसारखी

चारसूत्री भात लागवड करणाऱ्या शेतकऱ्यांना हा मुद्दा चटकन समजेल. डॉ. नारायण सावंत यांनी विकसित केलेल्या या पद्धतीत लावणीच्या दोरीवर १५ व २५ सें.मी. अंतरावर आलटून पालटून खुणा असतात. लावणारी बाई आपल्या हाताकडे पाहून अंतर ठरवत नाही. ती दोरीवरील खुणेकडे पाहते, आणि चूड आपोआप ओळीत लागतात. नुसत्या अंदाजाने लावले तर चार हातांवरच ओळ वाकते.

शिवणीचेही तसेच आहे. सुई दर क्षणी वर-खाली होत असते. तिच्याकडे पाहिल्यास कड कुठे सरकली हे उशिरा कळते, आणि मग घाईने कापड वळवल्याने टीप नागमोडी होते. त्यासाठी मशीनवरच मार्गरेषा तयार करावी.

१. दोरा न ओवता हातचाक फिरवून सुई खाली आणावी.

२. सुईपासून उजवीकडे मोजपट्टीने १ सें.मी. अंतर मोजून पेन्सिलीने खूण करावी.

३. त्या खुणेवर चिकटपट्टीची डावी कड येईल अशी ८ ते १० सें.मी. लांबीची पट्टी सुईच्या पुढे, म्हणजे आपल्या अंगाकडे, सरळ चिकटवावी. ती दाबाच्या पायाला समांतर असावी. बॉबिन काढण्याची सरकपट्टी व दाते तिच्याखाली झाकले जाऊ नयेत.

४. चिकटपट्टीचे तीन-चार थर दिल्यास लहानसा बांध तयार होतो व कापडाची कड त्याला टेकवून नेता येते.

५. शिवताना नजर सुईच्या ३ ते ५ सें.मी. अलीकडे, म्हणजे कापडाची कड पट्टीला जिथे लागते तिथे ठेवावी. तेथे कड बरोबर असेल तर सुईखाली ती बरोबरच येते.

कड पट्टीपासून सुटू लागली तर एकदम ओढू नये. बोटाने किंचित दिशा दिल्यास पुढच्या चार-पाच टाक्यांत ती जागेवर येते.

मशीनची तयारी

सुई: मांजरपाट किंवा त्यासारख्या मध्यम जाड सुती कापडासाठी १४ किंवा १६ नंबरची सुई वापरावी. ताडपत्रीसारख्या जाड कापडाला १८ नंबर लागतो. सुईच्या दांड्याची चपटी बाजू मशीनच्या पुस्तिकेत दाखविल्याप्रमाणे बसवून सुई पूर्ण वर सरकवून स्क्रू आवळावा. सुईवर एका बाजूला लांब खाच असते. दोरा त्याच बाजूने ओवावा. टाके सुटत असतील तर प्रथम सुई उलटी बसली आहे का ते पाहावे. बोथट सुई कापडात शिरताना टक् टक् असा आवाज करते. ती लगेच बदलावी.

दोरा: वर व खाली एकाच जाडीचा चांगला पॉलिस्टर दोरा घ्यावा. जुना सुती दोरा दमटपणाने कुजतो व पिशवीच्या वजनाला टिकत नाही.

स्वच्छता व तेल: दाते व बॉबिनची जागा ब्रशने साफ करावी. ठरवून दिलेल्या छिद्रांत मशीनचे तेल एक-दोन थेंब घालावे. खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल घालू नये. ते चिकट होऊन मशीन जड चालते. तेल घातल्यावर चिंधीवर थोडे शिवून पाहावे, म्हणजे पिशवीवर डाग पडत नाहीत. आपल्याकडे पावसाळ्यात हवा फार दमट असते. त्या काळात काम संपल्यावर सुई काढून तेलाच्या फडक्यात ठेवावी व मशीन झाकावे. गंजलेली सुई पांढऱ्या कापडावर तांबूस ठिपके पाडते.

ताण: खालच्या दोऱ्याचा ताण तपासण्यासाठी बॉबिन केसमध्ये भरून दोऱ्याच्या टोकाला धरून लोंबकळत ठेवावी. ती स्थिर राहावी आणि हलका झटका दिल्यावर थोडीच खाली सरकावी. मग कापडाच्या दोन थरांवर टीप मारून दोन्ही बाजू पाहाव्यात. खालचा दोरा वर ओढलेला दिसला तर वरचा ताण जास्त आहे, तो सैल करावा. खालच्या बाजूला वरच्या दोऱ्याच्या कड्या दिसल्या तर वरचा ताण वाढवावा. दोन्ही बाजू सारख्या दिसल्या की ताण योग्य झाला. वर व खाली वेगवेगळ्या रंगाचे दोरे घालून ही चाचणी घेतल्यास फरक लगेच समजतो.

टाक्याची लांबी: पिशवीसाठी सुमारे २.५ मि.मी. लांबीचा टाका ठेवावा, म्हणजे १० सें.मी. मध्ये ४० टाके येतात. टाका फार लांब असेल तर भार आल्यावर फट पडून कणी गळते. फार आखूड टाक्यांनी कापडाला जवळजवळ छिद्रे पडून ते पोस्टाच्या तिकिटासारखे फाटू शकते.

आधी कागदावर सराव

शाळेच्या रेघी वहीचा कोरा कागद घ्यावा. जुनी सुई बसवावी, दोरा काढून टाकावा आणि रेघेवरून मशीन चालवावे. छिद्रांची ओळ रेघेवर आहे का ते कागद उजेडाकडे धरून पाहावे. पहिल्या दोन दिवसांत फक्त पायाची लय बसवावी. हातचाक नेहमी आपल्या अंगाकडेच फिरले पाहिजे. ते उलटे फिरले की दोरा गुंततो. बसताना शरीराचा मध्य सुईच्या समोर यावा व उजेड डाव्या बाजूने यावा.

त्यानंतर रेघेऐवजी कागदाची कड चिकटपट्टीला लावून १ सें.मी. अंतरावर छिद्रे पाडावीत. रोज पंधरा-वीस मिनिटे असा सराव केल्यास चार-पाच दिवसांत नजर मार्गरेषेवर स्थिरावते. मग चिंध्यांवर दोऱ्याने शिवावे. कागदाने सुई बोथट होते, म्हणून ती सुई पुन्हा कापडाला वापरू नये.

पाच किलोच्या पिशवीची मापे

पाच किलो तांदळाला साधारण ६ लिटर जागा लागते. तयार पिशवी २८ सें.मी. रुंद व ४५ सें.मी. उंच ठेवल्यास तांदूळ भरून तोंड बांधण्यापुरते कापड उरते. कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. सुती कापड धुतल्यावर आटते आणि नंतर आटले तर शिवण चुरगळते.

तुकडा ३१ सें.मी. रुंद व ९८ सें.मी. लांब कापावा. रुंदीत प्रत्येक बाजूला १.५ सें.मी. माया दोन बाजूंच्या शिवणींसाठी, आणि लांबीत प्रत्येक टोकाला ४ सें.मी. माया तोंड दुमडण्यासाठी धरली आहे. कापताना एक धागा ओढून काढावा व त्याच्या रेषेवर कात्री चालवावी. कड धाग्याला तिरपी कापली असेल तर मार्गरेषेला टेकवूनही पिशवी पिळवटते.

शिवण्याची पद्धत

तांदळाच्या पिशवीला दुहेरी शिवण घालावी. या शिवणीत कापडाच्या कच्च्या कडा आत बंद होतात, त्यामुळे धागे सुटून तांदळात पडत नाहीत आणि भार दोन टिपांवर विभागतो.

१. तुकडा लांबीत मधोमध दुमडावा. कापडाची सुलट बाजू बाहेर राहू द्यावी. घडीचा भाग हाच पिशवीचा तळ होय. तेथे शिवण लागत नाही. दोन्ही बाजूंना चार-पाच टाचण्या कडेला आडव्या लावाव्यात.

२. चिकटपट्टी सुईपासून ५ मि.मी. अंतरावर लावून दोन्ही बाजूंना पहिली टीप मारावी. सुई टाचणीवर जाऊ देऊ नये, जवळ आल्यावर टाचणी काढावी.

३. टिपेबाहेर लोंबणारे धागे कात्रीने साफ करावेत. टीप कापली जाणार नाही याची काळजी घ्यावी.

४. पिशवी उलटी करावी, कोपरे बोटाने बाहेर काढावेत आणि बाजू इस्त्रीने दाबाव्यात. ही पायरी कधीही टाळू नये. कड सपाट असेल तरच ती मार्गरेषेला नीट टेकते.

५. चिकटपट्टी १ सें.मी. वर सरकवून दुसरी टीप मारावी. पहिल्या टिपेची कड पूर्ण आत बंद झाली पाहिजे.

६. तोंडाची कड प्रथम १ सें.मी. व नंतर ३ सें.मी. आतल्या बाजूला दुमडून इस्त्री करावी व आतल्या कडेजवळून गोलाकार टीप मारावी. शिवण ओलांडताना जाडी वाढते. तेथे पायाने न चालवता हातचाक हाताने फिरवावे, नाहीतर सुई तुटते. शेवटी पिशवी सुलट करावी.

प्रत्येक टीप सुरू करताना सुई व दोरा ओढणारी दांडी सर्वात वर आणावी आणि दोन्ही दोऱ्यांची टोके पायाच्या मागे धरून पहिले तीन-चार टाके घ्यावेत. दोरा गुंतण्याचे प्रमाण यामुळे पुष्कळ कमी होते. सुरुवातीला व शेवटी दीड सें.मी. उलटी टीप मारावी. मशीनला उलट टिपेची सोय नसेल तर सुई कापडात ठेवून पाय उचलावा, कापड पूर्ण फिरवावे व त्याच टिपेवरून परत शिवावे.

दहा पिशव्या एकदम शिवायच्या असतील तर आधी सर्वांच्या पहिल्या टिपा, मग सर्वांची इस्त्री, मग सर्वांच्या दुसऱ्या टिपा असे काम करावे. मार्गरेषा वारंवार हलवावी लागत नाही आणि सर्व पिशव्या एकाच मापाच्या होतात.

नेहमीच्या अडचणी

टीप सापासारखी वळते: नजर सुईवर आहे. नजर मार्गरेषेवर आणावी आणि वेग कमी करावा.

टीप सरळ आहे पण कापड गोळा होते: ताण जास्त आहे किंवा सुई बोथट आहे.

वरचा थर पुढे सरकून शेवटी एक पदर लांब उरतो: टाचण्या कमी लावल्या आहेत. दाते खालचा थर ओढतात व पाय वरचा अडवतो, म्हणून दोन्ही थर पुढून सारखे धरावेत, पण ओढू नयेत.

टाके लहान-मोठे पडतात: दाते साफ करावेत, पायाचा दाब थोडा वाढवावा आणि हात ढिला ठेवावा.

खाली दोऱ्याचा गुंता होतो: वरचा दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये बसलेला नाही. पाय उचललेला ठेवून दोरा पुन्हा ओवावा.

पिशवीची परीक्षा

भाताची पाहणी करताना आपण शेतात एकाच ठिकाणी न पाहता चार ठिकाणी चुडांची संख्या मोजतो. शिवणीचीही तशीच पाहणी करावी. सुरुवातीला, मध्ये व शेवटी १० सें.मी. मधील टाके मोजावेत. तिन्ही ठिकाणी ३८ ते ४२ टाके आले तर टीप एकसारखी समजावी. मोजपट्टीने कडेपासूनचे अंतर पाच ठिकाणी तपासावे. दोन मि.मी. पेक्षा जास्त फरक असल्यास ती टीप उसवून पुन्हा मारावी.

दर खेपेची पहिली पिशवी पाच किलो तांदूळ भरून, तोंड बांधून, गुडघ्याएवढ्या उंचीवरून तीन वेळा स्वच्छ फरशीवर सोडावी. शिवणीत फट दिसली किंवा कणी बाहेर आली तर टाका व ताण तपासूनच पुढच्या पिशव्या शिवाव्यात.

कापडी पिशवी ओलावा व कीड रोखू शकत नाही, हेही लक्षात ठेवावे. तांदूळ चांगला वाळलेल्या भाताचाच असावा आणि भरलेल्या पिशव्या जमिनीपासून उंच फळीवर ठेवाव्यात. वजन करताना रिकाम्या पिशवीचे वजन वजा करून तांदूळ पूर्ण पाच किलो भरावा.

हिशेब ठेवावा

एका पिशवीला लागलेले कापड, दोरा आणि वेळ वहीत लिहावा. शिवणाऱ्या व्यक्तीची मजुरीही खर्चात धरावी, मग ती घरातीलच का असेना. घरच्या बाईचे काम फुकटचे मानले तर पिशवी स्वस्त पडते असे वाटते, पण तो हिशेब खोटा असतो. बचत गटातील महिला मिळून हे काम करणार असतील तर सर्वांच्या मशीनवर एकाच अंतराची मार्गरेषा लावावी. प्रत्येकीने आपल्या पिशवीच्या आतल्या कडेला वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा एक टाका खूण म्हणून घालावा. एखादी पिशवी उसवून परत आली तर ती कोणत्या मशीनवर शिवली हे कळते, आणि दोष सुईचा, ताणाचा की मार्गरेषेचा हे शोधून पुढच्या पिशव्या वेळीच सुधारता येतात.

भात कापणी दिवाळीच्या सुमारास सुरू होते व तांदूळ हाती येईपर्यंत आणखी काही आठवडे जातात. तेवढ्या अवधीत कागदावरचा सराव, मशीनची साफसफाई आणि पहिल्या दहा पिशव्या सहज पूर्ण होतील.